घरच्यासाठी वेगळे दाणे

मित्रांनो, मी शेंगदाण्यांची चक्की आहे, जुनी आहे आणि मला राग आलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझ्या पोटात दोन दगड आहेत. कारखान्यात माझी जुळणी झाली, ढकलगाडीवरून मी या दुकानात आले आणि त्याच दिवशी थोरल्या मालकांनी माझ्या तोंडात भाजलेले दाणे ओतले. माझ्या दगडांत दाण्यांचं पावाला लावायचं मऊ लोणी होतं; तेल आपोआप सुटतं, वरून थेंबही घालावा लागत नाही. साखर नाही, मीठ नावापुरतं. थोरले मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "रोज दोन चमचे खा. प्रथिनं मिळतील, चांगलं तेल पोटात जाईल, हृदय खूश राहील, लवकर भूक लागणार नाही. पोतंभर खाल्लंत आणि पोट सुटलं तर मात्र मला शिव्या देऊ नका." एखाद्या घरी कुणाचा दाण्यांनी घसा सुजतो असं कळलं, की त्या घराला ते चमचाभरही विकत नसत. लोक त्यांचं कौतुक करायचे, आणि थोडं माझंही.

त्यांच्या बहीण, ज्यांना सगळेच आत्या म्हणतात, खिडकीपाशी टेबलावर दाणे निवडायच्या. काळा, सुरकुतलेला, हिरवट लव धरलेला दाणा दिसला की थेट कचऱ्यात. जनावरालाही द्यायचा नाही. कारण ती बुरशी विष सोडते आणि ते विष माणसाच्या यकृतावर उठतं. भाजल्यावर बुरशी मरते, पण विष सगळं जात नाही. आत्यांनी हे आपल्या भाच्याला मांडीवर बसवून शिकवलं होतं. त्याला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

थोरले गेले आणि हाच भाचा, त्यांचा मुलगा, गल्ल्यावर बसला. त्याला मी मालक म्हणणार नाही. धाकटा म्हणते, तेवढंही पुष्कळ झालं. त्याने निवडायचं टेबल उचलून दारात नेलं, त्यावर बाटल्यांचे मनोरे रचले आणि मागे फलक लावला, 'ताकद, प्रथिनं, निरोगी हृदय'. चांगल्या दाण्याबद्दल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बाटलीत कुठला दाणा आहे ते फलकावर नव्हतं. माझ्या दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडून घेणंही त्याने बंद केलं. दगड गुळगुळीत झाले, मी तापायला लागले, तर म्हणतो, "म्हातारी फार कुरकुरते." अरे, तुझं पोट कुणाच्या जिवावर भरतं?

मग पावसात गोदामाचं छप्पर गळलं आणि पोती भिजली. वाळवली तरी कुबट वास दुकानभर.

"फेकून दे रे सगळं," आत्या म्हणाल्या.

"शाळेची ऑर्डर आहे, आत्या. जरा जास्त भाजतो. रंग काळपट झाला की काही दिसत नाही, चवही दबते."

"पोरं खाणार आहेत ते!"

"तू नको मध्ये पडूस. तू फक्त घरच्यासाठी चांगले दाणे निवडून वेगळे ठेव. छकुलीला लागतात ना."

छकुली म्हणजे त्याची मुलगी. आत्यांनी सूप ओढलं आणि छकुलीसाठी दाणे निवडायला घेतले. मला वाटलं, संपलं, याही त्याच्यातल्याच निघाल्या.

तो माल त्याने माझ्यातूनच काढला. तुमच्यासारख्या पोरांच्या पावाला लागणारी ती घाण माझ्या पोटातून सरकत होती आणि मला साधा पट्टा तोडून बंदही पडता येईना. मी घरघरले, अडकले, धूर काढला. त्याने एक चापट मारली आणि मला पुन्हा चालू केलं. थू त्याच्यावर!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशी माल न्यायला आल्या. छकुली दुकानातच खेळत होती. आत्या उठल्या. शाळेसाठी भरलेल्या खोक्यातली एक बाटली त्यांनी उघडली, पावावर जाड थर लावला आणि पाव छकुलीच्या तोंडापाशी नेला. स्वतःच्या हातात घट्ट धरून.

"आ कर, बाळा."

धाकटा गल्ल्यावरून असा उडाला की स्टूल आडवं झालं. त्याने आत्यांच्या हातावर फटका मारला. पाव जमिनीवर पडला.

"वेड लागलंय का तुला? भिजल्या पोत्यातलं आहे ते!"

मग त्याला मावशी दिसल्या.

"म्हणजे माझ्या पोरांना चालतं," मावशी म्हणाल्या, "आणि तुमच्या पोरीला चालत नाही होय?"

"तसं नाही हो ताई, ते जरा..."

मावशींनी पुढचं ऐकलं नाही. शाळेत दाखवायला ती उघडी बाटली तेवढी उचलली आणि खोकी तिथेच टाकून त्या निघून गेल्या. आत्या हात चोळत उभ्या होत्या. बोटं लाल झाली होती, पण चेहरा असा समाधानी मी कधी पाहिला नव्हता.

आज दुकानाला कुलूप आहे. आत्याने घर बुडवलं, असं धाकटा सांगत फिरतो. फिरू दे. माझ्या दगडांच्या खाचांत तो काळा लगदा वाळून बसलाय आणि मला कुणी धुवायला येत नाही. कुणी विकत घ्यायला आलंच, तर आधी माझे दगड काढून घासा म्हणावं, नाहीतर मला भंगारात घाला. अशा पोटाने मी पुन्हा फिरणार नाही.

मित्रांनो, शेंगदाणे जरूर खा. पण एखादा दाणा कडू, कुबट लागला तर गिळू नका. समोर पाहुणे असले तरी थुंका. आणि विकणारा कितीही गोड बोलला, तरी त्याला म्हणा, "काका, आधी तुमच्या मुलीला द्या. आमच्यासमोर."