आतून लावायची कडी

मित्रांनो, मी एका खोलीच्या दाराची जुनी कडी आहे. 'कडी करणे' म्हणजे वरचढ ठरणे, असे तुम्ही व्याकरणाच्या पुस्तकात वाचले असेल. मी मात्र आयुष्यात कोणावरही कडी केलेली नाही. ते काम आमच्या घरातल्या दोघी करायच्या, आई आणि तिची लेक.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे बराच काळ मी एका दुकानात बिजागऱ्यांच्या खोक्यात पडून होते. मग आईने मला विकत घेतले आणि सुताराला बोलावले.

"ताई, आतून लावू की बाहेरून?" सुताराने विचारले.

"आतूनच लावा. आमच्या भिंगरीला तेरावं लागलंय. तिला आता स्वतःची खोली हवी, कडी हवी," आई हसत म्हणाली.

घरभर गरगर फिरायची म्हणून लेकीचे नाव भिंगरी पडले होते. पहिल्या दिवशी तिने मला इतक्या वेळा लावले आणि काढले की माझी मूठ चमकायला लागली. तेवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढे माझे काम वाढले. कधी गणिताच्या गुणांवरून, कधी न विचारता कापलेल्या केसांवरून, तर कधी काहीच न घडता मी खाडकन लागायचे. आई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. दमून यायची, बंद दाराबाहेर थोडी थांबायची आणि "ताट झाकून ठेवलंय गं" एवढे बोलून जायची. घरात तिला बोलायला दुसरे कोणी नव्हते. मलाही नव्हते. दाराला एकच कडी होती.

आमच्याकडे एक शब्द फार चालायचा, तो म्हणजे 'बघू'. नवे बूट? बघू. कुत्र्याचे पिल्लू? बघू. आईने बघू म्हटले की ती गोष्ट बारगळली, हे भिंगरीला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होते.

एकदा तिला शाळेच्या नाटकात म्हातारीचे काम मिळाले. दार सताड उघडून ती स्वयंपाकघराकडे धावली.

"आई, शुक्रवारी संध्याकाळी नाटक आहे. येशील?"

"दुपारपाळी आहे गं माझी. बघू."

भिंगरी परत आली. त्या दिवशी तिने मला अगदी हळू लावले.

थोड्या वेळाने आई दाराबाहेर फोनवर बोलू लागली. "शुक्रवारची पाळी बदलून घे ना माझ्याशी. लेकीचं नाटक आहे. नाही, तिला अजून सांगितलं नाही. आधी मुकादम हो म्हणू दे, उगाच आशा कशाला लावायची?"

भिंगरीच्या कानात इअरफोन होते. दोन्हीकडचे फक्त मला कळले होते, आणि मी पडले लोखंडाची. मला फार वाईट वाटले.

शुक्रवारी भिंगरी लवकरच घरी आली आणि तिने मला लावले. बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली.

"भिंगरे, मी पहिल्या रांगेत बसले होते. म्हातारी झालेली मुलगी भलतीच कोणीतरी होती."

"मी बाईंना सांगितलं, मला नाही करायचं. तू येणारच नव्हतीस ना."

"मी बघू म्हटलं होतं."

"हो ना. म्हणजे नाहीच."

आई बाहेर दाराला टेकून बसली. आत भिंगरीही टेकून बसली. दोघींच्या हुंदक्यांनी दार हलत होते. मध्येच भिंगरीचा हात माझ्या मुठीवर आला, थांबला आणि परत गेला. मित्रांनो, कडीला स्वतःहून उघडता येत नाही. मी जीव तोडून प्रयत्न केला.

त्यानंतर आईने तो शब्द टाकला. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. भिंगरी भांडायची, पण भांडायला दार उघडून बाहेर यायची.

आता ती नोकरीसाठी दूर गेली आहे. मला कोणी लावत नाही, अंगावर गंज चढला आहे. रविवारी आई याच खोलीत बसून तिला फोन करते.

"सुट्टीत येशील ना?" मागच्या रविवारी तिने विचारले.

"बघू गं आई."

फोन ठेवून आई उठली. मग तेलाची बाटली घेऊन आली, माझ्यावर दोन थेंब सोडले आणि मला मागेपुढे सरकवून पाहिले. मी कुरकुर न करता सरकले.

मित्रांनो, घरातल्या कड्यांना अधूनमधून तेल घालत जा. आणि कोणी 'येशील का' विचारले, तर हो म्हणा किंवा नाही म्हणा. इथे आईने त्या एका शब्दावर पलंगाची चादर बदलून ठेवली आहे.