पाणमोट

वहिनी अंघोळ करून गेलेल्या बादलीत नणंदेने फिनेल ओतलं, ती दुसऱ्यांदा घासली आणि वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाली,

“माझ्याही पोटात जीव आहे. हिच्या अंगात काय काय असेल, कुणास ठाऊक!”

तिला सहावा होता, विश्रांतीला माहेरी आलेली. सुनेला नववा. डॉक्टरीणबाईंनी कापसाची काडी फिरवून तिची तपासणी केली, त्यात जंतू निघाले. “बऱ्याच बायकांच्या अंगात असतात, त्यांना काही करत नाहीत,” त्या म्हणाल्या होत्या. “पण जन्मताना बाळाला बाधले तर जिवावर बेततं. कळा लागल्या किंवा पाणी गेलं, की तडक या. शिरेतून औषध लावू. बाळ यायच्या बरंच आधी ते अंगात भिनायला हवं.”

नवऱ्याने हे घरात जसंच्या तसं सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली. सासूने नेमका एकच शब्द उचलला.

“जंतू! आम्ही काय बाळंत झालो नाही? माहेरून हेच घेऊन आलीस होय?”

नवऱ्याने पेपरात डोकं खुपसलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, तो कामावर असताना पाणमोट फुटली. पाणी पायांवरून फरशीवर उतरलं. सुनेने भिंत धरली.

“आई, निघायला हवं.”

“कळा कुठे आहेत? पहिलटकरीण तू, तुला उद्यापर्यंत काही होत नाही. आधी ती फरशी पूस.”

नणंदेने पाऊल मागे घेतलं, ओल लागू नये म्हणून.

सुनेने चपला घातल्या, भरून ठेवलेली पिशवी उचलली.

“गेलीस तर मागून कुणी येणार नाही!” सासू कडाडली.

“नका येऊ.”

सासूला तिने दिलेलं हे पहिलंच उलट उत्तर. त्याची भीती वाटायलाही तिला सवड नव्हती. कोपऱ्यावर टॅक्सी मिळाली. दवाखान्यात नर्सने हातात सुई खुपसली, औषध सुरू केलं. कळा त्यानंतर कितीतरी वेळाने आल्या. मुलगी झाली. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी रडली.

दुसऱ्या दिवशी सासू आली, बरोबर नवरा आणि नणंद. पाळण्यात डोकावून तिने नाक बापावर गेल्याचं जाहीर केलं.

“बघितलंस? काही झालं का पोरीला? नुसती नाटकं!” म्हणत लेकाला घेऊन ती चहाला गेली.

नणंद मागे राहिली. खिडकीकडे तोंड करून, पाठमोरीच म्हणाली,

“वहिनी, आईला सांगू नकोस. ती तपासणी... कधी करतात?”

सुनेला फिनेलची बादली आठवली.

“नववा लागला की. दुखत नाही. आणि पाणी गेलं, तर कुणाचंही ऐकू नकोस.”

नणंदेने मान हलवली. तेवढ्यात बाहेर सासूचा आवाज आला.

“तुझं तर जगावेगळंच सगळं!” नणंद मोठ्याने म्हणाली, आणि दार आपटून निघून गेली.