धुरात सुटलेला गोफणगुंडा

मी एक जुना गोफणगुंडा आहे. बटाट्याएवढा, समुद्राने घासून गुळगुळीत केलेला. मित्रांनो, माझ्याकडून एक खून झाला आहे आणि तो मी लपवणार नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी सेन्ना नावाच्या मुलीने मला ओटीत घालून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गडावर नेले. वेशीच्या आत आम्हा गुंड्यांचा ढीग होता. सेन्ना उडता कावळा पाडायची. लोक वाहवा करत आणि तिच्याबरोबर मीही फुशारून जाई.

मग समुद्रावरून लुटारू आले. त्यांनी वेशीला आग लावली. माणसे जळत किंचाळली, तटावरून रक्ताचे ओघळ उतरले. तेवढ्यात धुरातून कोणीतरी वेशीकडे धावत येताना दिसले.

"आला मेला!" सेन्ना ओरडली आणि तिने गोफण फिरवली. मी सुटलो. कपाळ फुटल्याचा आवाज मी आतून ऐकला.

तो तिचा धाकटा भाऊ विंदो होता. रानात नेलेली गुरे टाकून घराकडे पळत होता.

लुटारू हटल्यावर तिने त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळले, खांद्याशी आपली टाचणी लावली आणि वेशीजवळ पुरले. मला कवटीतून काढायला तिचा हात धजला नाही. आमच्यावर नवा तट उभा राहिला. लोक लुटारूंना शिव्याशाप देत राहिले आणि ती गप्प राहिली. त्या गप्प बसण्याचा मला फार राग येई. पण दगडाने कोणाला काय सांगावे?

परवाच्या हिवाळ्यात वादळाने तटावरचे ओकचे झाड मुळासकट उपटले. मुळांत अडकलेल्या बरगड्या मोडत विंदो वर आला, आणि त्याच्या कवटीत मी.

"हेलेदबाई, बुजवू द्या आता हा खड्डा," शेतमालक इवर कुरकुरला. "माझी मेंढरं पडतील. असेल कुणी लुटारू. मेला ते बरंच झालं!"

उत्खनन करणारी हेलेद चिखलात गुडघे टेकून बसली होती. "थांबा हो काका. लुटारूला कुणी पांघरूण घालतं का? ही काशाची टाचणी बघा खांद्याशी. बाईमाणसाची आहे."

"बरं, गडावरचा म्हणा. मग लुटारूंनी मारला."

हेलेदने मला तळहातावर घेतले. वेशीतला ढीग तिने आदल्याच दिवशी उकरला होता. "हा दगड आतल्या ढिगातला आहे, काका. आणि लागलाय समोरून. पोरगं घराकडं तोंड करून पळत होतं."

इवरने टोपी काढली. "केवढा असेल?"

"दुधाची दाढ अजून पडलेली नाही."

"मेंढरं नेतो मी दुसरीकडं," तो म्हणाला. "तुम्ही सावकाश काढा त्याला."

आता संग्रहालयात आम्ही दोघे एकाच काचेच्या पेटीत आहोत. मुले येतात आणि म्हणतात, "कसला भारी दगड!" मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, जुने गड जपा. विंदोची हाडे जपा. मला मात्र त्याच्याजवळ ठेवू नका. नेऊन समुद्रात फेकून द्या. फक्त फेकण्याआधी समोर कोण आहे, ते नीट बघा.