मामाचा पाट

तान्ह्या शालनला नववा महिना लागला, आणि तिच्या पोटात आईच्या दुधाशिवाय अजून काही गेलेलं नाही. गेलेलं नाही म्हणजे जाऊ दिलेलं नाही. अडवणारी आजी नाही. आजी, चंद्राबाई, रोज म्हणते, घाल लेकराच्या तोंडात काहीतरी. अडवते ती शालनची आई, चंद्राबाईची सून विजयमाला, आणि तिचं कारण

गाडी.

मिरजेहून येणारी एस. टी. ओढ्यानंतरचा चढ कण्हत चढते. तो आवाज आला की विजयमाला हातातलं टाकून दारात जाते. पिठाच्या हातानं, ओल्या हातानं, कधी पोरीला पाजता पाजता तशीच पदराखाली धरून. दारातून फाटा दिसतो. एक बाई उतरली, पाटी घेऊन. ऊसतोडीचे दोघं उतरले. दार आपटलं. गाडी गेली.

ती परत चुलीपुढं.

कारण आकाराम. तिचा धाकटा भाऊ, पलटणीत आहे. शालन आईच्या माहेरी जन्मली, लोणंदजवळ, तेव्हा तो सुट्टीवर होता. बारशाला पोरीला मांडीवर घेऊन त्यानं सगळ्यांना बजावलं, "पैला घास माझा. मी येतो सुट्टी काढून. माझ्याआधी कुणी हिच्या तोंडाला चमचा लावला तर बघा."

रीतही तीच. उष्टावण मामानं करायचं. मुलीचं पाचव्या महिन्यात, नाहीतर सातव्या, नाहीतर नवव्या. पाचव्यात त्याच्या पलटणीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. सातव्यात लढाई लागली. लढाई संपल्याचं रेडिओनं सांगितलं, संक्रांत झाली, शेजारच्या गावचा हंबीरराव लंगडत का होईना घरी आला. आकारामची खबर नाही. तारही नाही. तार नाही ते बरं, असं बाळासो म्हणतो. बाळासो म्हणजे शालनचा बाप. तो एवढंच म्हणतो आणि गुऱ्हाळावर जातो.

शालन तोंडं बघते.

कुणीही जेवायला बसलं की त्याच्या समोर बसते आणि तोंड बघते. बाळासोनं आ केला की ती आ करते. त्यानं चावलं की हिरड्या हलवते. त्यानं गिळलं की तिच्या गळ्यात काहीतरी हलतं. बाळासो आता भिंतीकडं तोंड करून जेवतो.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. म्हणाल्या, "वरचं सुरू करा. भाताची पेज, मुगाचं पाणी, काही का असेना. अंगावरचं चालू ठेवा, पण एवढ्या पोरीचं त्याच्यावर भागत नाही." विजयमाला हो म्हणाली. परतताना गाडीत ती खिडकीशी बसली, आणि समोरून येणारी प्रत्येक

"हळीव घालून घालून माझे हात दुखले," चंद्राबाई म्हणाली. "तुला दूध यावं म्हणून. पर किती यायचं ते येणार. विजे, तुजा भाऊ काय पोरीचा घास खिशात घालून लढाईवर गेलाय व्हय?"

"येईल, आत्या."

"यील की. न्हाई कोण म्हणतंय? त्यो येईस्तवर पाटावर सुपारी मांडू. मामाच्या जागी सुपारी. रीत हाय ती."

विजयमाला पीठ मळत होती. हात थांबला नाही, पण परातीला लागायला लागला, धाप, धाप.

"सुपारी गेलेल्याला मांडत्यात."

"लांब असल्याला बी मांडत्यात."

"आमच्याकडं न्हाई मांडत."

माहेरी तिनं एकदाच पाहिली होती, चुलतबहिणीच्या उष्टावणाला. त्या मुलीचा मामा विहिरीत पडून गेला होता. पाटावर सुपारी, सुपारीला हळदकुंकू. बायका सुपारीकडं बघत नव्हत्या. खीर भरवून झाल्यावर ती कुणी उचलायची यावरून सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. आकारामची सुपारी. सुपारीएवढा आकाराम, पाटावर

गाडी.

कुणी नाही. म्हणजे उतरले चारजण, पण कुणी नाही.

मग ते झालं. दुपारी बाळासो जेवायला आला. भिंतीकडं तोंड करून बसला. आमटीत भिजलेला भाकरीचा तुकडा त्याच्या बोटांतून निसटला आणि मागं जमिनीवर पडला. शालन रांगत आली. कुणाला काही कळायच्या आत तिनं तो उचलला आणि तोंडात घातला. डोळे मिटले.

विजयमाला झेपावली. पोरीचा जबडा धरला, बोट आत घातलं आणि तुकडा ओढून काढला.

शालन रडली नाही. तिनं ते बोट सोडलंच नाही. दोन नव्या दातांनी धरून ठेवलं आणि त्याला लागलेली आमटी चोखत राहिली. चव संपली तरी चोखत राहिली.

बाळासो ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच. चंद्राबाई चुलीपाशी होती. तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली.

"काढलंस," ती म्हणाली. "लेकराच्या तोंडातनं काढलंस."

विजयमालानं जमीन पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. भांडी हलवली. पोरीला उचललं, ठेवलं, उचललं. बोटावर दोन खळगे उमटले होते. ते बुजेनात. आकाराम इथं असता तर, असा विचार सुरू झाला, आणि आकारामच पुढं दिसला, गहिवरलेला वगैरे नाही, नुसता चिडलेला: माझ्यासाठी? माझ्यासाठी तिला उपाशी

"आत्या," ती म्हणाली, "खीर करा. सुपारी न्हाई मांडायची."

"मग मामाच्या पाटावर काय, पाटच?"

विजयमालानं ट्रंकेतून टॉवेल काढला. हिरवट, पलटणीतला. बाळंतपणानंतर सासरी निघताना लोणंदच्या स्टँडवर आकारामनं हाच टॉवेल एस. टी.च्या खिडकीतून आत फेकला होता. गर्दी दाराशी रेटत होती, आणि तो खाली उभा राहून हसत होता, "अक्के, सावकाश चढ. जागा धरलीया." आत माणसं उभी होती. टॉवेल पडलेल्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मग पोरीला वारं लागू नये म्हणून त्यानं आत चढून तो तिच्याभोवती गुंडाळला, आणि तो इकडंच राहिला.

चंद्राबाईनं खीर केली. तांदूळ, दूध, गूळ, अगदी मऊ. बाळासोला निरोप धाडला, तो हातापायाला काकवीचा वास घेऊन आला आणि उंबऱ्याशी बसला. एका पाटावर विजयमाला, मांडीवर शालन. शेजारी दुसरा पाट. त्याच्यावर तिनं टॉवेल घडी करून टाकला.

"हे काय गं?"

"जागा धरली."

"मामाला एस. टी.त बसवतीस व्हय?" चंद्राबाई म्हणाली. "असली रीत मी कुठं बघितली न्हाई."

"मी बी न्हाई."

चंद्राबाईच्या मुठीत सुपारी होती, लागली तर असावी म्हणून आणलेली. तिनं टॉवेलाकडं पाहिलं. मग कनवटीचा अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि तोंडात टाकली.

"भरव आता. गार व्हतीया."

पहिला घास शालननं जिभेनं बाहेर ढकलला. तोंड वाकडं केलं. इतके दिवस जे मागत होती ते हे नव्हे, असं.

"मामाबिगर नगं म्हणतीया," बाळासो म्हणाला. कुणी हसलं नाही, मग चंद्राबाई हसली.

दुसरा घास अर्धा आत राहिला. तिसऱ्याला तिनं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःकडं ओढलं.

चढावर गाडी कण्हली.

विजयमालाचे गुडघे आपोआप उचलले गेले. मांडीवरची पोर हलली. गाडी फाट्यावर थांबली, दार उघडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी उतरलं असणार, कारण लगेच आपटलं नाही. शालनचं तोंड उघडं होतं.

विजयमालानं आधी घास दिला. तो गिळेपर्यंत थांबली. हनुवटीवर ओघळलेली खीर बोटानं वर घेऊन तीही भरवली.

मग उठली.