बाजूला पडलेला ठिपका

मनिषानं पडद्यावरच्या त्या एकट्या ठिपक्यावर बाण नेला आणि टिचकी मारली. सॉफ्टवेअरनं नाव दिलं नाही, नुसता क्रमांक दिला. बाकीचे सगळे ठिपके खाली एकमेकांना चिकटून बसले होते. हा एकटाच वर.

"काढून टाक तो," मागं उभ्या असलेल्या डॉ. राजेश्री पौळ म्हणाल्या. "आउटलायर आहे. मशीनची चूक असणार."

"मॅडम, चूक असली तर बाकीच्यांची असेल. नॉर्मल तर हा एकटाच आहे."

पौळ मॅडमनी चष्मा वर सरकवून पडद्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घेतला.

कापसावर फवारणी करणाऱ्यांच्या कानांवर औषधांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालला होता. मॅडम विभागप्रमुख, मनिषा संख्याशास्त्राची. सूर्यभान नावाचा तंत्रज्ञ जीपमध्ये यंत्र घालून जिंतूर तालुक्यातली गावं फिरायचा, लोकांच्या कानांवर हेडफोन चढवून जाड-बारीक स्वर ऐकवायचा. कुणाला कोणता स्वर किती मोठा केल्यावर ऐकू आला, ते आकडे मनिषाकडं यायचे. गावोगावचे आलेख साधारण सारखे होते. म्हाताऱ्यांना बारीक स्वर कमी ऐकू येत होते, फवारणीवाल्यांना थोडे आणखी कमी.

फक्त आडाच्या वाडीचं वेगळं होतं. तिथं एक जाड स्वर त्या एकट्या ठिपक्याखेरीज कुणालाच ऐकू येत नव्हता. म्हाताऱ्यांना नाही, तरण्यांना नाही, ज्यांनी फवाऱ्याला कधी हात लावला नव्हता त्या शाळेतल्या पोरांनाही नाही. प्रत्येकाची रेघ सरळ चालत यायची आणि त्या एका जागी धाडकन खाली कोसळायची. मनिषानं आधी यंत्रावर संशय घेतला होता. पण त्याच यंत्रानं, त्याच दिवशी, शेजारच्या गावचे कान ठीक दाखवले होते.

"काढण्याआधी एकदा पुन्हा तपासून येते," ती म्हणाली.

"ये जाऊन. पण पेपर थांबणार नाही हं."

वाडीत जीपमधून उतरताच मनिषा थबकली. दूर कुठंतरी पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत असावा तसा जाड, एकसुरी आवाज येत होता. कानांपेक्षा तो छातीतच जास्त जाणवत होता.

"सूर्यभान, हा कसला आवाज?"

"पहिल्यांदा आलो तवा मलाबी आला होता मॅडम. गिरणी असंल म्हणलं. नंतर काय आला न्हाई." तो यंत्राची पेटी उतरवत म्हणाला. "हितं गिरणी न्हाई म्हणा. दळण शेजारच्या गावाला नेतेत."

तो क्रमांक सरजाबाईंचा निघाला. साठी ओलांडलेल्या, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या. वाडीतले लोक त्यांच्याबद्दल बोलताना कपाळाला बोट लावत. बाईच्या डोक्यात आवाज होतो म्हणत. शाळेच्या खोलीत त्या पदर सावरून ताठ बसल्या आणि सूर्यभाननं स्वर सोडला की लगेच बोट वर करत गेल्या. जाड स्वराची पाळी आली तेव्हा त्यांनी बोट वर केलंच, शिवाय मानही हलवली. ओळखीचं माणूस भेटावं तशी.

"कान एकदम क्लिअर हायती," सूर्यभान म्हणाला आणि वायरी गुंडाळत बाहेर गेला.

सरजाबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्या मनिषाकडं बघत राहिल्या.

"तुमी लय येळचं खिडकीकडं बघायलात."

"एक आवाज येतोय, मावशी. कुठून येतो ते शोधत होते."

सरजाबाईंचा हात हेडफोनवर घट्ट झाला. खोलीत दोघीच होत्या, तरी त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"तुमाला येतो का ऐकू?"

"हो," मनिषा म्हणाली. "येतो की."

सरजाबाईंनी डोळे मिटले. त्यांचे खांदे सैल पडले. मग त्यांनी पुढं होऊन मनिषाचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. मनिषाला वाटलं, इतकी वर्षं वेडी ठरवलेल्या बाईला आज साक्षीदार मिळाला. तिलाही भरून आलं. परतीच्या वाटेवर तिनं ठरवून टाकलं, की कुणी काहीही म्हणो, हा ठिपका काढायचा नाही.

त्या संध्याकाळी परभणीतल्या घरी ती भाजी चिरत होती आणि तो आवाज तिथंही होता.

तिनं फ्रिज बंद करून पाहिला. पंखे बंद केले, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीची चौकशी केली. नवरा सुगत भिंतीला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मला तर काहीच येत नाही गं." तिनं सूर्यभानकडून स्वतःचे कान तपासून घेतले. रेघ सरळ आली, कुठंही खड्डा नाही. "तुमचे कान लय भारी हायत मॅडम," तो म्हणाला. त्याच्या त्या बोलण्याच्या मागंही पट्टा फिरतच होता.

दिवस गेले. कापूस वेचून झाला, शेतं मोकळी झाली. ठरल्याप्रमाणं सगळ्या गावांची दुसरी तपासणी झाली. मनिषानं नवे आकडे भरले, तोच कोड पुन्हा चालवला आणि आलेख उमटायची वाट बघत बसली.

वर काहीच नव्हतं. तिनं क्रमांक शोधला. सरजाबाईंचा ठिपका खाली, बाकीच्यांच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

"बघ," पौळ मॅडम म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं? पहिली चूकच होती. आता डेटा स्वच्छ झाला."

"पहिलं रीडिंग दोनदा घेतलं होतं, मॅडम. मी दोन्ही वेळचे आकडे ठेवणार आहे."

"ठेव. तुझ्या एका ठिपक्यानं काही बिघडत नाही."

दुसऱ्याच दिवशी मनिषा एसटीनं जिंतूरला गेली आणि पुढं मिळेल त्या वाहनानं वाडीत. सरजाबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, चेहरा उजळला होता. शेजारच्या दोन बाया त्यांच्याशी हसत बोलत होत्या. मनिषाला बघताच सरजाबाईंचं सूप थांबलं. त्यांनी बायांना वाटेला लावलं.

"मला वाटलंच, तुमी येताल."

"मावशी, तुमचा आवाज गेला?"

"हाव. तुमी हो म्हणलात, त्याच घडीला."

मनिषा ओट्याच्या कडेवर बसली. सरजाबाईंनी पाणी आणून दिलं, पण नजर दिली नाही.

"माझी सासू कडूबाई. पयले तिला यायचा. मी नवी नवरी आले तवा मलाबी आला. नव्या माणसाला येतोच दोन-चार रोज, मग ज्याचा त्याचा बंद होतो. सासूनं त्याच्या आत मला इचारलं, तुला येतो का गं? मी म्हणलं, हाव. तवापासून तिचा सुटला, माझा लागला." त्यांनी सुपातला खडा उचलून लांब फेकला. "मी कुणाला इचारलं न्हाई. माझ्या सुनंलाबी न्हाई. म्हणून तर ती हितं ऱ्हात न्हाई म्हणली, तवा मी आडवी गेले न्हाई. पण तुमी शिकल्यासवरल्या. परभणीच्या. मला वाटलं, तुमच्याकडं मशिनी हायत, तुमी काढून टाकताल."

"आणि कुणीच ऐकायला नसलं तर?"

"तसं कधी झालं न्हाई, माय." सरजाबाई पहिल्यांदाच तिच्याकडं बघून बोलल्या. "एकजण ऐकतंय म्हणून बाकीच्यायला ऐकावं लागत न्हाई. एवढंच मला ठाव हाय."

मनिषानं तांब्या खाली ठेवला. तिला रागवायचं होतं, पण समोरच्या बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आत्ता कुठं फिकी होऊ लागली होती.

"तुमीबी कुणाला तरी इचारा," सरजाबाई हळूच म्हणाल्या. "ज्याला लागलाय त्याच्या जवळच्यालाबी कवा तरी येतो; त्यानं हाव म्हणलं की सुटतंय. मी तुमाला नाव ठेवणार न्हाई."

एसटीत तिच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. जिंतूर मागं पडलं तसं त्या बाईनं मान वाकडी केली, कानात करंगळी फिरवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा करंगळी फिरवली. मनिषाच्या ओठांवर प्रश्न आला. तिनं तोंड उघडलं आणि विचारलं, "ताई, खिडकी लावू का जरा?"

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिची सात वर्षांची धम्मशीला फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मनिषानं पायांवर पाणी घेतलं, चहाला आधण ठेवलं. मागं कागदाची सळसळ थांबलेली तिच्या लक्षात आली. ती वळली. पोरगी उठून बसली होती, खडू हवेत तसाच, नजर भिंतीवर.

"आई."

"काय गं?"

"हा कसला आवाज यायलाय? घूंऽऽ असा."

मनिषानं गॅस बंद केला. ती पोरीजवळ जाऊन खाली बसली. आधणाचा आवाज विरला तसा तो आणखी स्पष्ट झाला, जाड, एकसुरी, फरशीतून वर येणारा. धम्मशीलाचे डोळे मोठे झाले होते. तिनं आईची बाही धरली.

"मला भीती वाटायलीय. तुला येतो का ऐकू?"

मनिषानं तिच्या केसांवरून हात फिरवला. घाई केली नाही. प्रश्न पुरता विचारून होऊ दिला.

"हो," ती म्हणाली. "मला येतो."

पोरीनं मान वाकडी करून थोडा वेळ ऐकलं. मग तिनं बाही सोडली.

"गेला वाटतं," ती म्हणाली आणि पुन्हा पालथी पडून निळा खडू शोधू लागली.