जाण्यायेण्याची वाट

बोटाच्या टोकाने तिने नकाशावर सातवं टिंब टेकवलं, तसा फोनवरचा आकार पूर्ण झाला आणि त्याच्या आतलं सगळं हिरवं झालं.

“शिंप्याच्या स्वयंपाकघरातून रेघ नेलीस,” तिच्या खांद्यावरून डोकावत बाबा म्हणाले. “शेगडी आत, नळ बाहेर. त्याने हरकत घेतली म्हणजे?”

“बाबा, ही खरी हद्द नाहीये. फोनला कळावं म्हणून काढलेला नुसता आकार आहे.”

“नुसता आकार!” बाबांनी कपाळाला हात लावला.

बाबांची सगळी हयात जमीनमोजणीच्या खात्यात गेली होती. भांडणाऱ्या भावाभावांच्या मधोमध साखळी टाकून उभं राहायचं, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, पण रेघ वीतभरही हलू द्यायची नाही, असा त्यांचा खाक्या. लेकीने आपल्याभोवती कुंपण घातलं याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. ते वाकडं घातलं, हे मात्र जिव्हारी लागलं.

कुंपणाला कारण होतं. मागच्या महिन्यात बाबा हरवले होते, चांगले तीन तास. शेवटी सापडले ते पुलापलीकडे एका टायरवाल्याच्या दुकानात, टायरवर बसून त्याच्याशी गप्पा मारताना. कुठे निघाला होता, या प्रश्नाला “असाच” एवढंच उत्तर. त्यात आणखी भर म्हणजे नाकावर स्वतःचा चष्मा होता आणि खिशात लेकीचा. परदेशातल्या तिच्या थोरल्या भावाने फोनवर चष्म्याचं ऐकलं आणि निकालच देऊन टाकला, बाबांनी एकट्याने घराबाहेर पडायचं नाही.

फिरणं बंद झालं तर बाबा खचणार, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने हा मधला मार्ग काढला. घर, बाग, वाचनालय आणि न्हाव्याचं दुकान एवढं आकारात बसवलं. बाबांचा फोन त्याबाहेर गेला की तिचा फोन ओरडणार. तीनदा ओरडला की दादाचं म्हणणं मान्य.

“ठीक आहे,” बाबा म्हणाले. “सही कुठे करू?”

ती कानांच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायची. दुसऱ्या दिवशी समोर एक निवृत्त हेडमास्तर हेडफोन लावून बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं, असं त्यांना तीनदा ओरडून सांगितलं होतं. दहा मिनिटं झाली तरी त्यांनी बटणाला बोट लावलं नव्हतं. एवढ्यात तिच्या खिशातून फोन बदकासारखा कर्कश ओरडला आणि हेडमास्तरांनी बटण दाबलं.

“आलं! बदक!”

ती फोन घेऊन बाहेर पळाली.

“बाबा! कुठे आहात?”

“चौथ्या कोपऱ्यावर. अगं, तुझा कोपरा वाचनालयाच्या पाण्याच्या टाकीत पडतोय.”

“पण बाहेर कशाला गेलात?”

“आतून हद्द तपासता येते होय? दोन्ही बाजूंनी बघावी लागते.”

दुसऱ्यांदा बदक ओरडलं तेव्हा ते न्हाव्याकडे होते. खुर्ची हद्दीच्या आत होती आणि आरसा बाहेर. मिशी नीट कापली का हे पाहायला बाबा जरा पुढे वाकले होते, तेवढंच.

रविवारी तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला. “तुम्हीच काढा. आता एकदाच उरलंय, लक्षात आहे ना?”

बाबांनी भिंग काढलं. सवयीने पेन्सिलीला टोकही केलं आणि मग तिचं काय करायचं हे न कळल्याने ती कानावर खोचली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते टिंबं टेकवत राहिले. मधेच वर न बघता म्हणाले, “जागा कितीही छोटी असो, तिला जाण्यायेण्याची वाट दाखवावी लागते. नाहीतर नकाशा मंजूर होत नाही.”

“मंजूर,” चहाचे कप उचलत ती म्हणाली. तिने नकाशा पाहिलासुद्धा नाही. बाबांची रेघ कशाला तपासायची?

सोमवारी हेडमास्तर पुन्हा आले. तपासणी सुरू झाली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, खिसा गप्पच. इतका वेळ बदक ओरडत नाही म्हटल्यावर तिला धीर धरवेना. तिने हळूच फोन काढून पाहिला. बाबांचा निळा ठिपका पुलापलीकडे होता, थेट टायरवाल्यापाशी.

मग फोन ओरडला का नाही?

तिने बोटांनी नकाशा मोठा केला. शिंप्याचं स्वयंपाकघर अख्खं आत होतं आणि न्हाव्याचा आरसाही. वाचनालयाच्या कोपऱ्यातून एक हिरवी पट्टी निघाली होती, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच रुंद. ती रस्त्याच्या कडेने पुलावर चढली होती, पलीकडे उतरली होती. टायरवाल्यापाशी बाबांनी खूण करून लिहिलं होतं, ‘इथे उजवीकडे वळू नये. मागच्या वेळी वळलो.’ तिथून पट्टी डावीकडे वळून दवाखान्याच्या पायरीपाशी थांबत होती. शेवटी लिहिलं होतं, ‘लेकीचं काम. चष्मा विसरल्यास.’

बाबा हरवले त्या दिवशी ती चष्म्याशिवायच दवाखान्यात आली होती, हे तिला आठवलं. यंत्रावरचे आकडे दिसत नाहीत म्हणून किती चिडली होती ती. आणि रात्री हसत हसत दादाला सांगितलं होतं, बघ ना, बाबा माझाच चष्मा खिशात घालून भटकत होते. ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

निळा ठिपका टायरवाल्यापाशी थबकला होता. तिने बोट उगाच काचेवर धरलं, जणू बाबांच्या पाठीवरच. ठिपका उजवीकडे जरासा सरकला. थांबला. मग डावीकडे वळला आणि सावकाश पट्टीतून पुढे येऊ लागला.

बटणावर अंगठा रोखून बसलेल्या हेडमास्तरांनी शेवटी एका कानावरचा हेडफोन दूर केला.

“काही वाजलं का हो? मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

तिने चष्मा काढून डोळे पुसले.

“नाही सर,” ती मोठ्याने म्हणाली, “काहीच वाजलं नाही.”