घास तोंडात असताना

प्रशांतचा फोन तिसऱ्यांदा वाजला आणि आरतीने तो तिसऱ्यांदा पालथा घातला. पालथा फोनही गप्प बसेना, टेबलावर थरथरत राहिला.

सोनई गावातल्या घरात, धान्याच्या कणगीशेजारी टेबल मांडून ती पुण्याच्या कंपनीचं काम करायची. एका मोठ्या संगणकाच्या पोटात छोटे छोटे संगणक थाटायचे आणि ते भाड्याने द्यायचे, हा कंपनीचा धंदा. एखाद्याला मेमरी कमी पडली, तर चालतं काम न थांबवता वाढवून द्यायची, गरज सरली की तशीच परत घ्यायची. ही सोय आरतीने आखलेली. हिचं डोकं चालतं, असं तिच्याबद्दल सगळे म्हणत. तीही नाही म्हणत नसे.

काल दुपारी कंपनीच्या ऑपरेटरने, प्रशांतने, कर्जतहून एका साखर कारखान्याची वाढीव मेमरी परत घेतली. वेळ ठरलेली, बटण बरोबर. तरी कारखान्याने भाड्याने घेतलेलं मशीन आडवं पडलं आणि उसाच्या गाड्यांचे नंबर पुसले गेले. आज चार वाजता अहवाल जायचा होता. त्यात साहेबांनी ‘ऑपरेटरची चूक’ लिहून टाकलेलं. आरतीची सही झाली की प्रशांतची नोकरी गेली.

आता साडेतीन झाले होते.

आराखड्याच्या एकोणिसाव्या पानावर तिचीच एक ओळ होती: मेमरी परत मागितल्यावर मशीनने तीस सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर होकार समजून मेमरी काढून घ्यावी. ती वाचून प्रशांतने तेव्हाच विचारलं होतं, “मॅडम, आणि ते नुसतं कामात असलं तर?”

“तुम्ही बटण सांभाळा,” ती म्हणाली होती, “डोकं मी चालवते.”

सगळे हसले होते. प्रशांतसुद्धा.

“चहा गार झाला का गं?” मालनबाई आत आल्या. सासूबाईंना ती आत्या म्हणायची. “शेजारची बायडाबाई येऊन गेली. काल तिच्या गाडीचा पैला नंबर हुता. कांप्युटर बसला अन् मागचे फुडं घुसले. दिसभर बैलं उन्हात. तुज्या कंपनीचंच हाय का त्ये?”

“व्हय, आत्या.”

“मग झालं तरी काय?”

आरतीने पदराने चष्मा पुसला. “आत्या, पंगत बसलीय. माणसं वाढली, म्हणून आपण चालू पंगतीत आणखी एक सतरंजी टाकली.”

“टाकावीच लागती.”

“मग ती सतरंजी दुसरीकडं हवी झाली. तिच्यावरच्या माणसाला सांगितलं, जरा सरका. तो काही बोलला नाही.”

“मग?”

“मग आम्ही ओढली.”

मालनबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. “बसल्या माणसाखालची? आगं, त्याच्या तोंडात घास असंल! बोलंल कसा त्यो?”

आरतीने चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला.

“असं कुनी केलं म्हनायचं? वाढप्यानं?”

“वाढप्याला तसंच करायला सांगितलं होतं.”

“कुनी?”

कप उचलायला वाकलेल्या मालनबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग कप तिथेच राहू दिला. “दुसरा टाकते,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आरतीने अहवाल उघडला. ‘ऑपरेटरची चूक’ खोडायला एक क्षण लागला. तिथे ‘आराखड्यातली चूक, पान एकोणीस, आखणी माझी’ हे लिहायला दहा मिनिटं लागली, कारण मध्ये दोनदा तिने ‘माझी’च्या जागी ‘आमची’ करून पाहिलं. आमची बरं दिसत होतं. तिने ते खोडलं. खाली नवा नियम लिहिला: उत्तर आलं नाही, तर हात लावू नये. सही केली, अहवाल धाडला आणि फोन सुलटा करून प्रशांतला लावला.

“मॅडम!” पहिल्याच रिंगला प्रशांत. “मी सकाळपासनं मशीनचे लॉग, सगळ्या नोंदी बघतोय. माझं काय चुकलं तेच सापडंना.”

“तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. अहवालात तसंच लिहून पाठवलंय. तुम्ही तेव्हा विचारलं होतं, मी ते हसण्यावारी नेलं. आणि आज तीनदा फोन उचलला नाही.”

पलीकडून काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज.

‘चला, झालं मग,’ असं म्हणून फोन ठेवायची तिला सवय होती. जिभेवर आलंच होतं. समोर भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. तीस सेकंद झाले. चाळीस झाले.

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला.